पंजिकेवरचा अंगठा

भूतानच्या सरहद्दीलगत, जलपायगुडी जिल्ह्यातल्या काठालगुडी चहामळ्याचे व्यवस्थापक हृदयनाथ घोष १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बिछान्यातच मेलेले आढळले. गळा चिरलेला, तिजोरी फोडलेली, कागदपत्रांची पेटी उस्कटलेली आणि काहीशे रुपये गायब. संशयितांची वानवा नव्हती. घोष कामाला फार कडक, म्हणून मळ्यावरचे मजूर. त्यांचे एका बाईशी संबंध होते, म्हणून तिचे नातलग. जवळच काबुल्यांचा तळ पडला होता, म्हणून काबुली. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर तर रक्ताचे शिंतोडेच होते. मालकाच्या जेवणासाठी कबूतर कापले, त्याचे ते रक्त, असे तो परोपरीने सांगत होता. त्या काळच्या तपासाची रीत पाहता बिचाऱ्याचे काही खरे नव्हते. पण रासायनिक परीक्षकाच्या अहवालाने त्याचे म्हणणे उचलून धरले.

पेटीतल्या कागदांत एक बंगाली पंजिका, म्हणजे पंचांग, सापडली. तिच्या फिकट निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली धरल्यावर त्यांपैकी एका डागात रेषा दिसू लागल्या. उजव्या हाताच्या कुठल्याशा बोटाचा तो अर्धवट ठसा होता. पंजिका कलकत्त्याला पोलिसांच्या मुख्य कचेरीत गेली आणि तिथल्या दप्तरातल्या एका जुन्या कैद्याच्या उजव्या अंगठ्याशी तो ठसा जुळला. हा कैदी कांगालीचरण, घोष यांचाच पूर्वीचा नोकर. घोष यांनी त्याला चोरीबद्दल तुरुंगात धाडले होते आणि शिक्षा भोगून काही आठवड्यांपूर्वीच तो बाहेर आला होता. शेकडो मैल दूर बीरभूममध्ये त्याला पकडण्यात आले. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असेही परीक्षकाने सांगितले. तिजोरीची किल्ली शोधताना रक्ताळलेला अंगठा पंजिकेला लागला असावा, असा पोलिसांचा तर्क होता.

खटल्याचे काय झाले ते पुढे येईलच. त्याआधी दप्तराकडे वळले पाहिजे, कारण खरी नवलाई तिथे होती. भिंग लावून दोन ठसे ताडून पाहणे कुणालाही सुचले असते. हजारो कागदांच्या गठ्ठ्यांतून नेमका हवा तो कागद उपसून काढणे, ही अडचण सोडवायला चाळीस वर्षे लागली.

त्या चाळीस वर्षांची सुरुवात खडीच्या ठेक्यापासून होते. १८५८ च्या जुलैमध्ये विल्यम हर्शल हा तरुण मुलकी अधिकारी बंगालमध्ये जंगीपूरला होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शलचा हा नातू. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा ठेका त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला. कोनाई निरक्षर नव्हता. करारनामा त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. पण उद्या हा ‘सही माझी नव्हेच’ म्हणाला तर? हर्शलने शिक्क्यासाठी ठेवलेली तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि अख्खा पंजा कागदाच्या पाठीवर उमटवून घेतला. सही नाकारण्याचा विचारसुद्धा त्याच्या मनात येऊ नये म्हणून त्याला जरा भेदरवायचे होते, असे हर्शलने उतारवयात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. उठावाच्या धामधुमीचे ते दिवस. गोऱ्या साहेबाचा काळ्या रयतेच्या शब्दावर विश्वास नव्हता, एवढेच त्या पंजाचे मूळ. त्यात विज्ञान नंतर आले.

मात्र हर्शलला त्याचा छंद लागला. मित्रांचे, नोकरांचे, स्वतःचे ठसे तो घेत राहिला आणि वर्षांच्या अंतराने पुन्हा घेऊन ताडत राहिला. केस पिकले, कातडी सुरकुतली, तरी बोटांवरच्या रेषांची मांडणी बदलत नाही, हे त्याने स्वतःच्याच हातावर पाहिले. १८७७ मध्ये हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने ही युक्ती तीन ठिकाणी लावली. मेलेल्या माणसाच्या नावाने दुसराच कुणी पेन्शन उचलून नेई, म्हणून पेन्शनरांचे ठसे. दस्तनोंदणीत बनावट माणसे उभी राहत, म्हणून तिथे ठसे. आणि पैसे घेऊन दुसऱ्याची शिक्षा भोगणारे असत, म्हणून तुरुंगात. आज आपण घराच्या दस्तासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा ठेवतो, त्या रिवाजाचे मूळ हुगळीच्या या प्रयोगात आहे. सरकारला मात्र त्याची महती पटली नाही. हर्शलने याबद्दल लिहिलेले पत्र बासनात गेले आणि तोही इंग्लंडला परतला.

मग कागदी लढाई सुरू झाली. टोकियोतल्या इस्पितळात काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने २८ ऑक्टोबर १८८० च्या ‘नेचर’मध्ये पत्र लिहून सुचवले, की गुन्ह्याच्या जागी राहिलेल्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल. पुढच्याच महिन्यात हर्शलचे उत्तर छापून आले: हे मी वीस वर्षांपूर्वीपासून करतो आहे. आधी कोण, हा वाद दोघांच्या मरणापर्यंत पुरला. फॉल्ड्सने डार्विनलाही लिहिले होते. डार्विनने ते पत्र आपला आतेमामे भाऊ फ्रान्सिस गॅल्टन याच्याकडे धाडले. १८९२ मध्ये गॅल्टनचे पुस्तक निघाले. दोन बोटांचे ठसे हुबेहूब जुळण्याची शक्यता ६,४०० कोटींत एक, असा हिशेब त्याने मांडला. हा आकडा पुढे शंभर वर्षे कोर्टाकोर्टांत फिरला. तो अख्ख्या, स्वच्छ ठशाचा हिशेब होता, हे सांगायचे मात्र बहुतेकांच्या ध्यानात राहिले नाही. त्याच वर्षी अर्जेंटिनात नेकोचेआ इथे दाराच्या चौकटीवरच्या रक्ताळ ठशावरून, आपल्याच दोन लेकरांना मारणारी आई पकडली गेली. तिथले दप्तर हुआन वुसेटिच या पोलीस अधिकाऱ्याने आपल्या पद्धतीने लावले होते. तो धागा वेगळा. आपल्याकडे घडले ते कलकत्त्यात.

बंगालचा पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री आधी ठशांच्या नव्हे, तर मोजमापांच्या मागे होता. पॅरिसच्या बर्टिलाँची तेव्हा चलती होती. डोक्याची लांबी-रुंदी, मधले बोट, पाऊल, हाताचे कोपरापासूनचे माप, अशी मापे कॅलिपरने घ्यायची आणि त्यांवरून कार्डे लावायची. कागदावर पद्धत नामी. पण एक शिपाई कॅलिपर घट्ट दाबतो, दुसरा सैल धरतो. एका ठाण्यातले माप दुसऱ्याशी जुळत नाही आणि सराईत चोर नवखा ठरून सुटतो. हेन्री हळूहळू अंगठ्याकडे वळला. गॅल्टनलाही तो भेटून आला. पण गॅल्टनच्या वर्गवारीने मोठे दप्तर लावता येत नव्हते. दहा हजार ठसे झाले, की शोधायला दिवस जाई.

इथे दोन बंगाली माणसे पुढे येतात. खुलन्याचे काझी अझीझुल हक प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले. गणित जाणणारा हुशार मुलगा हवा म्हणून हेन्रीने त्यांना सब-इन्स्पेक्टर म्हणून नेमून घेतले. दुसरे हेमचंद्र बोस. कवट्या मोजण्याच्या कामात हक यांचे मन रमेना. ठशांचे कोडे त्यांनी हाती घेतले आणि जे सूत्र काढले, ते पाहिले की आजही वाटते, इतके सोपे आधी कुणाला का सुचले नाही?

आपल्याकडे मुलांच्या बोटांवर शंख किती आणि चक्रे किती, हे आज्या मोजत आल्या आहेत. हक यांनी भविष्य बाजूला ठेवून तेच मोजले. बोटावर चक्र आहे की नाही, इतकाच प्रश्न. उजव्या अंगठ्यापासून उजव्या करंगळीपर्यंत एक ते पाच आणि डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत सहा ते दहा, असे क्रमांक द्यायचे. बोटांच्या पाच जोड्या करायच्या: पहिल्या जोडीतल्या चक्राला १६, दुसरीतल्याला ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकांच्या बोटांची बेरीज अंशात, विषमांची छेदात आणि दोन्हीकडे एक-एक मिळवायचा, म्हणजे कुठे शून्य उरत नाही. समजा, एखाद्याच्या फक्त उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या तर्जनीवर चक्र आहे. दोन्ही विषम, १६ अधिक २, म्हणजे १८, त्यात एक मिळवून १९. अंशात नुसता एक. त्या माणसाचा कागद एकावर एकोणीसच्या खणात. एकही चक्र नसलेला १/१ मध्ये, दहाही चक्रे असलेला ३२/३२ मध्ये. बत्तीस गुणिले बत्तीस, असे १,०२४ खण. भिंतीला एक कपाट लावले, की बंगालचे सगळे गुन्हेगार त्यात मावले. गर्दीच्या खणांत पुढे पोटभाग पाडायचे: शंखाच्या मध्यापासून कडेच्या त्रिकोणापर्यंत किती रेषा येतात ते मोजायचे, चक्राची रेषा त्रिकोणाच्या आतून जाते की बाहेरून ते पाहायचे.

या कपाटात रक्तबिक्त काही नव्हते, होता तो निव्वळ हिशेब. आणि हिशेबाला शिपायाच्या हाताचा दाब बाधत नव्हता. १८९७ मध्ये सरकारने दोन जणांची समिती नेमली: सर्व्हेयर जनरल चार्ल्स स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर. त्यांनी कचेरीत बसून शोध करून पाहिले, खण उघडले, कागद काही मिनिटांत हाती आला. साधने स्वस्त, शिकवणे सोपे, चूक कमी, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने मोजमापांची पद्धत सोडून ठशांची स्वीकारली. दोनच महिन्यांनी काठालगुडीची पंजिका आली.

आता खटला. १८९८ मध्ये कांगालीचरणवर सेशन जज्ज आणि त्यांच्या साहाय्याला बसलेले असेसर यांच्यापुढे खून आणि चोरी असे दोन आरोप ठेवले गेले. असेसर म्हणाले, पेटीत या माणसाचा हात गेला होता हे ठशाने पक्के केले आहे, तेव्हा चोरी शाबीत. पण गळा चिरताना याला कुणी पाहिलेले नाही. खुनाबद्दल दोषी धरणे सुरक्षित नाही. शिक्षा झाली ती चोरीची. अपिलात कलकत्ता हायकोर्टानेही ती कायम ठेवली.

या निकालाकडे इतिहासकार बहुधा जरा कणवेने पाहतात: नवे शास्त्र होते, लोक बिचकले. मला उलट वाटते. रक्ताळलेला ठसा समोर असताना त्या असेसरांनी एक साधी गोष्ट ओळखली, जी पुढच्या शतकात मोठमोठे कायदेपंडित विसरले. ठसा सांगतो, की या वस्तूला या माणसाचा हात लागला. कधी लागला आणि त्याच्या आधी त्याने काय केले, हे ठसा सांगत नाही.

१८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बोटांच्या ठशांवरचे तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. हेन्रीचे पुस्तक १९०० मध्ये आले, १९०१ मध्ये तो स्कॉटलंड यार्डात गेला आणि पद्धतीला नाव पडले ‘हेन्री पद्धत’. लंडनमध्ये ठशाच्या पुराव्यावरची पहिली शिक्षा १९०२ मध्ये बिलियर्डचे चेंडू चोरणाऱ्याला झाली. १९०५ मध्ये डेप्टफर्डच्या रंगाच्या दुकानातल्या वृद्ध जोडप्याच्या खुनाचा खटला उभा राहिला. पैशाच्या पेटीवर एका अंगठ्याचा ठसा, त्यात जुळणाऱ्या अकरा खुणा आणि इतर साक्षी. आरोपी स्ट्रॅटन बंधू दोघेही फाशी गेले. फॉल्ड्स या वेळी बचावपक्षाच्या मदतीला होता. एका बोटाच्या ठशावर माणसाचा जीव टांगू नये, असे पद्धतीचा जनकच म्हणवणारा हा माणूस सांगत होता. मत्सरापोटी बोलतो, म्हणून ते कुणी मनावर घेतले नाही. मत्सर होताही, पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नव्हता.

दरम्यान हेन्री दक्षिण आफ्रिकेतही जाऊन आला होता, तिथले पोलीसदल लावून द्यायला. काही वर्षांनी ट्रान्सवालच्या सरकारने हिंदी लोकांना दहाही बोटांचे ठसे देऊन परवाने घेण्याची सक्ती केली. गांधीजींनी हेन्रीचेच पुस्तक मिळवून वाचले आणि त्यांना कळले, की कायद्याने ठसे घेतात ते गुन्हेगारांचेच. १९०६ च्या सप्टेंबरात जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात शपथा झाल्या त्या या कायद्याविरुद्ध. पुढे तडजोड होऊन नोंदणी ऐच्छिक ठरली, तेव्हा १० फेब्रुवारी १९०८ ला कचेरीकडे निघालेल्या गांधीजींना शब्द फिरवला म्हणून मीर आलम या पठाणाने मारले. गांधीजींनी त्याच दिवशी अंथरुणावरून ठसे दिले. सक्तीने मागाल तर देणार नाही, आपखुशीने देईन, हा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याकडे मात्र आपखुशीचा प्रश्नच नव्हता. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची नावे नोंदली गेली, त्या जमातींच्या माणसांचे ठसे केव्हाही घ्यायची मुभा सरकारला मिळाली. गुन्हा केला असो वा नसो. या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवणारी सोलापूरची सेटलमेंट, तिथली हजेरी आणि दप्तरातले ठसे, हे सगळे एकाच कारभाराचे भाग होते. पारध्यांच्या, भामट्यांच्या, कैकाड्यांच्या कित्येक पिढ्या या दप्तरांनी जन्मतः संशयित ठरवल्या. १९५२ मध्ये कायदा गेला. पोलिसांच्या नजरेतून तो पुसला गेला का, हे त्या वस्त्यांत जाऊन विचारावे.

हक आणि बोस यांच्या वाट्याला काय आले? एकाला खानबहादूर, दुसऱ्याला रायबहादूर अशा पदव्या आणि उशिराने पाच-पाच हजार रुपये. त्यासाठीही अर्ज-विनंत्यांचे बरेच हेलपाटे झाले. १९२६ मध्ये निवृत्त हेन्रीने एका पत्रात मान्य केले, की पद्धत पूर्णत्वाला नेण्यात आपल्या हाताखालच्या कुणाहीपेक्षा हक यांचा वाटा मोठा होता. ‘हाताखालच्या’ हा शब्द त्याने राखलाच. हक १९३५ मध्ये मोतिहारीला वारले. बोस यांनी एकेका बोटाची वर्गवारी आणि तारेने ठसे कळवण्याची सांकेतिक रीत बसवली. पुढे ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने या दोघांच्या नावे पुरस्कार ठेवला.

हक यांचे कपाट जगभर शंभर वर्षे चालले. संगणक आले तेव्हाच ते मोडीत निघाले. त्या कपाटाची विश्वासार्हता कोणी नाकारू शकत नाही. दहाही बोटे शाईत नीट फिरवून घेतलेले ठसे, दोन वेळचे, एकाच माणसाचे: इथे चूक होणे अवघडच. घोटाळा होतो तो याच पुण्याईवर दुसरीच गोष्ट खपवली जाते तेव्हा. गुन्ह्याच्या जागेवरचा ठसा दहा बोटांचा नसतो. एका बोटाचा, त्यातही तुकडा, घामाने सरकलेला, पिशवीच्या सुरकुतीवर उमटलेला. तो जुळला की नाही हे गणित ठरवत नाही, माणूस ठरवतो. इंग्लंडने बराच काळ सोळा खुणा जुळल्याच पाहिजेत असा दंडक ठेवला आणि २००१ मध्ये तोही सोडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये एका निकालात अंगठ्याच्या ठशांचे शास्त्र अचूक असून त्यात चुकीला जागा नाही, असे म्हटले. जलपायगुडीच्या असेसरांनी हे वाक्य ऐकले असते तर भुवया उंचावल्या असत्या.

चुकीला जागा किती आहे, हे २००४ मध्ये दिसले. ११ मार्चला माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरच्या प्लॅस्टिक पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयच्या संगणकाने त्याच्याशी मिळतीजुळती वीस माणसे काढून दिली. चौथ्या क्रमांकावर ओरेगनमधला एक वकील होता. तीन अनुभवी तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचे सांगितले. कोर्टाने नेमलेल्या चौथ्यानेही मान डोलावली. वकील मुसलमान झालेला होता, ही गोष्ट मग सगळ्यांना बोलकी वाटू लागली. स्पेनचे पोलीस एप्रिलपासून सांगत होते, की ठसा जुळत नाही. ६ मे रोजी वकिलाला उचलले. १९ मे रोजी स्पेनने ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचे कळवले. वकील सुटला, सरकारने माफी मागितली, वीस लाख डॉलर भरपाई दिली.

इतक्या चार जाणत्यांना एकच भुरळ कशी पडली? चौकशीत निघाले, की दोन ठशांत खरोखरच विलक्षण साम्य होते. कोट्यवधींच्या दप्तरात शोधले, की जवळचा सारखा ठसा सापडणारच. पण त्याहून वाईट म्हणजे, संशयिताचा स्वच्छ ठसा आधी पाहून तज्ज्ञ पिशवीवरच्या धूसर ठशात त्याच खुणा हुडकू लागले होते. इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये याचा एक खोडकर प्रयोग प्रसिद्ध केला. पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी ‘जुळतात’ म्हणून शेरा मारलेले ठसे पुन्हा दिले, फक्त सांगितले, की ही ती माद्रिदची फसलेली जोडी. तिघांनी आपलेच मत फिरवले, चौथा डळमळला, एकटा ठाम राहिला.

२०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांची मोठी चाचणी झाली. न जुळणारे ठसे जुळतात असे म्हणण्याचे प्रमाण हजारात एक निघाले. जुळणारे असून नाही म्हणण्याचे साडेसात टक्के. हजारात एक म्हणजे थोडेच, हे खरे. पण वर्षाला हजारो प्रकरणे हाताळणाऱ्या कचेरीत त्या ‘एका’ला नाव, गाव आणि बायकामुले असतात. आपल्याकडे २०२२ पासून देशभरचे ठसे एका संगणकीय दप्तरात शोधता येतात आणि त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने ते ७५ वर्षे जपून ठेवायची सोय झाली आहे. दप्तर वाढते, तशी जवळच्या सारख्या ठशांची संख्याही वाढते.

माद्रिदनंतर एफबीआयने एक साधा नियम घातला. तज्ज्ञाने आधी एकट्या अज्ञात ठशाकडे पाहायचे, त्यातल्या खुणा कागदावर नोंदवून टाकायच्या, आणि मगच संशयिताचा ठसा उघडायचा.